लाल डबी, निळी डबी : एका गिऱ्हाइकाचे खुले पत्र

अखंडितलक्ष्मी-अलंकृत राजमान्य राजेश्री, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे या उभय पक्षांचे सकल धुरीण यांसी,

कृतानेक नमस्कार. विनंती विशेष.

थोरामोठ्यांना पत्र लिहिताना पूर्वी असाच मायना घालत, आणि तो आपल्याला शोभतो. डीव्हीडीनंतरची चित्रपटांची तबकडी कुणाची, या भांडणात आपल्यातला एक पक्ष जिंकला, एक हरला. हरलेल्यालाही दीड वर्षाच्या आत जिंकलेल्याच्या पंगतीत पान मिळाले. ऑगस्ट २००९ मध्ये हरलेल्या एचडी डीव्हीडीच्या तोशिबाने ब्लू-रेच्या संघटनेत प्रवेशासाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी आपला ब्लू-रे प्लेअर बाजारात आणला. भांडलेले दोघे असे पुन्हा शेजारी शेजारी जेवायला बसले. हे पत्र दाराबाहेर राहिलेल्यांच्या वतीने आहे.

प्रथम तारखेबद्दल आभार. १९ फेब्रुवारी २००२ या दिवशी नऊ कंपन्यांनी मिळून ब्लू-रेची घोषणा केली आणि १९ फेब्रुवारी २००८ या दिवशी तोशिबाने एचडी डीव्हीडी बंद करत असल्याचे जाहीर केले. मराठी घरात ही तारीख शिवजयंतीची म्हणून पाठ असते, त्यामुळे आपले भांडण किती दिवस चालले हे मला वहीत बघावे लागत नाही. सहा वर्षे.

आपल्या अभियंत्यांचे आभार मानताना माझे हात खरोखर जोडले जातात. सीडी वाचणाऱ्या किरणाची तरंगलांबी ७८० नॅनोमीटर, डीव्हीडीच्या तांबड्या किरणाची ६५०. किरणाची तरंगलांबी जितकी आखूड तितका त्याचा ठिपका बारीक, आणि ठिपका जितका बारीक तितके जास्त चित्र त्याच बारा सेंटिमीटरच्या चकतीवर मावते. निळा किरण हवा आहे हे सगळ्यांना ठाऊक होते, तो देणारा स्फटिक मात्र कुणाला नीट साधत नव्हता. गॅलियम नायट्राइडवर वर्षानुवर्षे झटून शुजी नाकामुरांसारख्या माणसांनी तो साधला. निळ्या दिव्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल मिळाले. त्याच स्फटिकातून निघालेला ४०५ नॅनोमीटरचा निळा-जांभळा किरण आपल्या दोन्ही पक्षांच्या हाती आला. एकच किरण, दोघांना.

आणि त्या किरणाचे आपण काय केलेत, ते मी जेव्हा नीट वाचले तेव्हा मला रात्री झोप लागली नाही.

आपल्या दोन्ही तबकड्या बारा सेंटिमीटर व्यासाच्या. दोन्ही १.२ मिलिमीटर जाड. चित्र दाबून बसवण्याच्या पद्धती दोन्हींत त्याच तीन : एमपेग-२, एव्हीसी आणि व्हीसी-१. चोरी होऊ नये म्हणून घातलेले मुख्य कुलूपसुद्धा एकाच कंपूचे, एएसीएस नावाचे. फरक कुठे होता? माहितीचा थर पृष्ठभागापासून किती खोल, यात. एचडी डीव्हीडीने तो डीव्हीडीसारखाच ०.६ मिलिमीटर आत ठेवला. ब्लू-रेने तो ०.१ मिलिमीटरवर, जवळजवळ कातडीखाली आणला. एवढ्या अर्ध्या मिलिमीटरने एका यंत्राचे भिंग दुसऱ्याच्या तबकडीसाठी निरुपयोगी झाले.

या अर्ध्या मिलिमीटरमागे दोन्हीकडे कारणे होती, हे मी नाकारत नाही. थर खोल ठेवला तर डीव्हीडी छापणारे जुने कारखाने थोड्या फेरफाराने वापरता येत होते, म्हणून तबकडी स्वस्त पडत होती. थर वर आणला तर भिंग जवळ नेता येत होते, ठिपका आणखी बारीक होत होता, आणि एका थरात १५ गिगाबाइटऐवजी २५ मावत होते. वर आणलेल्या थराला ओरखड्यांची भीती, म्हणून जपानमध्ये सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क प्लास्टिकच्या खोक्यात बंद करून विकाव्या लागल्या. मग टीडीकेने कठीण लेप शोधला आणि ते खोके गेले. हा वाद बुद्धिमान माणसांचा होता. तो एका खोलीत, एका टेबलाभोवती, चार महिन्यांत मिटला असता. तो मिटवण्यासाठी आमच्या घरांतल्या पैशांची गरज नव्हती.

आणि हे मिटवणे आपल्याला येत नव्हते असेही नाही. त्यासाठी मला १९९५ ची आठवण काढावी लागेल. त्या वर्षीही दोन तबकड्या समोरासमोर उभ्या होत्या. एकीकडे सोनी आणि फिलिप्स, दुसरीकडे तोशिबा, मात्सुशिता, टाइम वॉर्नर आणि त्यांचे सोबती. तेव्हा संगणक कंपन्या मध्ये पडल्या. आयबीएमचे लू गर्स्टनर पुढे झाले. दोन वेगळी स्वरूपे आणलीत तर आम्ही एकही घेणार नाही, असा निरोप दोन्ही बाजूंना पोचला. सप्टेंबर १९९५ मध्ये आपण दोघांनी हात मिळवलेत. त्यातून निघालेली एकच तबकडी १ नोव्हेंबर १९९६ रोजी जपानमध्ये दुकानात आली. तिचे नाव डीव्हीडी. तिने घराघरात जे केले ते सगळ्यांनी पाहिले आहे.

म्हणून त्या १९९५ च्या शहाणपणाचे आभार. त्यामुळे २००५ मध्ये आपण जे केलेत ते अज्ञानाने केले नाहीत, हे निर्विवाद सिद्ध होते. २००५ च्या वसंतात आपण पुन्हा बोलायला बसलात आणि उन्हाळा संपेपर्यंत बोलणी मोडून उठलात. मधल्या काळात विकलेल्या प्रत्येक डीव्हीडीवर आणि प्रत्येक प्लेअरवर पेटंटवाल्यांना काही ना काही मिळत आले होते, आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा तो झरा कुणाच्या शेतातून वाहणार हा खरा तंटा होता. थर किती खोल याला अभियंते उत्तर देऊ शकत होते. झरा कुणाचा याला मात्र एकच उत्तर उरले, की दोघांनी दुकानात उतरावे आणि आम्ही पैसे मोजून निकाल लावावा.

आपण उतरलात. १८ एप्रिल २००६ ला अमेरिकेत तोशिबाचा पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर आला, ४९९ डॉलरला. त्यासोबत 'द लास्ट सामुराई', 'मिलियन डॉलर बेबी', 'सेरेनिटी' अशा थोड्या डिस्क होत्या. जूनमध्ये सॅमसंगचा ब्लू-रे प्लेअर आला, ९९९ डॉलरला. नोव्हेंबरात सोनीने प्लेस्टेशन ३ च्या पोटात ब्लू-रे घालून ते घराघरात पोचवायला सुरुवात केली, आणि मुलांच्या खेळण्यातून ही लढाई जिंकता येते हे दाखवले. दुसऱ्या बाजूने एक्सबॉक्सला बाहेरून जोडायचा एचडी डीव्हीडीचा डबा आला, १९९ डॉलरला.

आपल्या कृपेने आम्हाला एक नवी विद्या शिकायला मिळाली. चित्रपट बघायचा तर नाव, दिग्दर्शक, नट बघावेत असे आम्हाला वाटे. आपण शिकवलेत की आधी स्टुडिओ बघावा. युनिव्हर्सलचा असेल तर एचडी डीव्हीडीची लाल डबी. डिस्नेचा, फॉक्सचा, सोनीचा असेल तर ब्लू-रेची निळी. वॉर्नर आणि पॅरामाउंट दोन्हीकडे. प्रेक्षकाला स्टुडिओ कशाला पाठ असावेत? कुठल्याही भाषेतला माणूस दुकानात शिरून 'मला पॅरामाउंटचा सिनेमा द्या' असे म्हणत नाही. त्याला गोष्ट हवी असते. आपण गोष्टी वाटून घेतल्यात, भावाभावांनी वाडा वाटून घ्यावा तशा, मधोमध भिंत घालून. विहीर एकाकडे, तुळशीवृंदावन दुसऱ्याकडे.

२० ऑगस्ट २००७ ला पॅरामाउंट आणि ड्रीमवर्क्स अ‍ॅनिमेशन यांनी ब्लू-रे सोडून फक्त एचडी डीव्हीडीचा हात धरला. त्यासाठी त्यांना मिळून पंधरा कोटी डॉलरांचे लाभ मिळाल्याचे अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी छापले. त्या सुमारास मायकल बे यांनी आपला 'ट्रान्सफॉर्मर्स' ब्लू-रेवर येणार नाही म्हणून जाहीर संताप व्यक्त केला, आणि लगेच तो मागेही घेतला. ज्याने चित्रपट काढला त्याला आपली कृती कोणत्या तबकडीवर जाणार हे ठरवता येत नव्हते. मग घेणाऱ्याची काय कथा?

आकड्यांच्या बाबतीतही आपण आम्हाला कधी उपाशी ठेवले नाहीत. एकाकडे दोन थरांत ५० गिगाबाइट, दुसऱ्याकडे ३०. म्हणून २००७ मध्ये लाल पक्षाने तीन थरांची तबकडी जाहीर केली. तिची क्षमता ५१ गिगाबाइट. पन्नासाला एक्कावन्न! लग्नात आहेर देतात तसा वरचा एक. त्या तबकडीवर एकही चित्रपट कधी विकला गेला नाही. त्याच वर्षी वॉर्नरने एका बाजूला एचडी डीव्हीडी आणि दुसऱ्या बाजूला ब्लू-रे असलेली डिस्क जाहीर केली, म्हणजे उलट करा की दुसऱ्याच्या प्लेअरवर चालेल. प्रेक्षकाचा विचार केलेली ती एकच कल्पना मला त्या सगळ्या वर्षांत आढळली. तीही दुकानात आली नाही.

भारतात त्याच काळात मोझर बेअर कंपनी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकत होती. घरातली बाई भाजीच्या पिशवीत जुन्या मराठी चित्रपटाची डिस्क टाकून आणू शकत होती. तबकडी अशी सोपी, सगळ्यांना परवडणारी होऊ शकते हे जगाला ठाऊक होते. आपल्याला पुढची तबकडी तशी करायची होती का, हे मी आदराने विचारतो.

आता मला आमच्या काकांबद्दल लिहू द्या.

२००७ मध्ये मी न्यू जर्सीतल्या एडिसनला राहत होतो. काका आमच्या शेजाऱ्यांचे वडील. सांगलीचे, निवृत्त शिक्षक, वर्षातले सहा महिने मुलाकडे असत. सिनेमाचे वेड. मी इलेक्ट्रॉनिक्समधला म्हणून एके दिवशी त्यांनी मला विचारले, "बाळा, या दोहोंतला कुठला घेऊ? मुलाने दिलेले पैसे नाहीत हे, माझ्या पेन्शनीतले आहेत. नीट विचार करून सांग."

मी नीट विचार केला. नोव्हेंबर २००७ मध्ये एचडी डीव्हीडीचा प्लेअर अमेरिकेतल्या एका दुकानात ९८ डॉलर ८७ सेंटला मिळू लागला होता. आणि स्वस्ताईपेक्षा मोठे कारण हे की एचडी डीव्हीडीला प्रदेशाचे कुलूप नव्हते. जिजाबाई-शिवबाच्या गोष्टी मुलांना शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला सामुराईंची तलवारबाजी मोठ्या पडद्यावर बघायची होती, आणि ती सांगलीला परत गेल्यावर बायकोसोबत बघायची होती. ब्लू-रेने जगाचे तीन तुकडे केले होते : अमेरिका आणि जपान 'ए' मध्ये, युरोप 'बी' मध्ये, भारत 'सी' मध्ये. अमेरिकेत घेतलेली निळी डबी सांगलीत उघडेल याची खात्री देता येत नव्हती. लाल डबी कुठेही उघडणार होती. मी म्हणालो, "काका, लाल घ्या."

त्यांनी घेतला. मी त्यांच्यासोबत गेलो होतो. सोबत बारा डिस्क घेतल्या, वेचून वेचून. पहिली 'द लास्ट सामुराई'. एकेक डिस्क पंचवीस-तीस डॉलरची. बारा डिस्कचे पैसे प्लेअरच्या तिपटीहून जास्त झाले. सांगलीत वापरण्यासाठी व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आम्ही वेगळा विकत घेतला.

४ जानेवारी २००८ ला वॉर्नरने यापुढे फक्त ब्लू-रे असे जाहीर केले. दोन दिवसांनी लास वेगासच्या प्रदर्शनात लाल पक्षाची पत्रकार परिषद होणार होती, ती रद्द झाली. फेब्रुवारीत नेटफ्लिक्सने, मग मोठमोठ्या दुकानांनी पाठ फिरवली. १९ तारखेला खेळ संपला. वॉर्नरच्या घोषणेपासून ४६ दिवस. कुणाचे दिवसकार्य उरकून वर्षश्राद्धाचा विचारही मनात येऊ नये इतक्या दिवसांत आपण लाखो घरांतले एक यंत्र मोडीत काढलेत.

काका माझ्यावर रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले, "आहेत त्या बारा चालतील ना?" चालतील, मी म्हणालो. ते खरे होते. तेवढे वचन मला देता आले याबद्दल मी आजही देवाचे आभार मानतो. आपले मानता आले असते तर बरे वाटले असते.

पुढे एका स्टुडिओने लाल डिस्कच्या बदल्यात निळी देण्याची योजना काढली, एकेकीला ४ डॉलर ९५ सेंट घेऊन. चांगली योजना. पत्ता मात्र अमेरिकेतला हवा होता. काका तोवर सांगलीला पोचले होते, आणि निळी डिस्क लावायला त्यांच्याकडे प्लेअर नव्हता.

जिंकलेल्या पक्षाचे आभार मानल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. ज्यांनी २००६ मध्ये हजार डॉलर मोजून आपल्यावर पहिला विश्वास टाकला त्यांना आपण काय दिलेत? आधी 'प्रोफाइल १.०' नावाचा प्लेअर. मग नोव्हेंबर २००७ पासून '१.१', चित्रात चित्र दाखवणारा. मग '२.०', इंटरनेटला जोडणारा. जुन्या प्लेअरमध्ये अनेकदा त्यासाठी लागणारी साठवणही नव्हती आणि जोडणीचे भोकही नव्हते. डबीच्या मागे छापलेल्या गोष्टी पहिल्या गिऱ्हाइकाला दिसत नसत. तिकडे लाल पक्षाने प्रत्येक प्लेअरला इंटरनेटची जोडणी पहिल्या दिवसापासून सक्तीची केली होती. हरलेल्या माणसाचे एवढे तरी कौतुक आपण दिलदारीने मान्य कराल अशी आशा आहे.

आणि प्रदेशांची कुलुपे! कित्येक डिस्क मोकळ्या असत, पण कोणत्या, हे डबीवरच्या तांदळाएवढ्या ठशातून शोधावे लागे. चित्रपट विकत घेतलेल्या माणसाने तो कोणत्या खंडात बसून बघावा हे आपण का ठरवावे, याचे समाधानकारक उत्तर मला कधी मिळाले नाही. २०१६ मध्ये आपल्याच घराण्यातली अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली आणि तिला प्रदेशाचे कुलूप ठेवले नव्हते. म्हणजे कुलपाशिवायही धंदा चालतो. दहा वर्षे उशिरा कळले. काकांसाठी ती दहा वर्षे फार होती.

चोरीविरुद्धच्या कुलपाची एक किल्ली २००७ मध्येच जगजाहीर झाली होती, त्यावर मी काही लिहीत नाही. ज्यांना चोरायचे होते त्यांना आपण अडवू शकला नाहीत. अडला तो पावती घेणारा.

या सगळ्या काळात एक तिसरा शांतपणे उभा होता. जानेवारी २००७ मध्ये, आपण दोघे ५० आणि ५१ मोजत असताना, नेटफ्लिक्सने तारेवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली. लोकांनी आपल्या लढाईचा निकाल लागेपर्यंत पाकीट खिशात ठेवले होते. निकाल लागल्यावर त्यांची तबकडीची सवय हळूहळू सुटत गेली. नेटफ्लिक्सने टपालाने डिस्क पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवले. २०१९ मध्ये सॅमसंगने अमेरिकेत नवे ब्लू-रे प्लेअर आणणे बंद केले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सोनीने घरी रेकॉर्ड करायच्या कोऱ्या ब्लू-रे डिस्कचे उत्पादन थांबवले. पुन्हा फेब्रुवारी.

माझे दुःख एका प्लेअरपुरते असते तर मी ते गिळले असते. पण घराच्या कपाटात ठेवलेला चित्रपट ही साधी वस्तू नाही. महिन्याचे पैसे भरून पडद्यावर दिसणारा चित्रपट आज आहे, उद्या करार संपला की नाही. तो माझा नसतो. आम्ही महाराष्ट्रातली माणसे चित्रपट नाहीसा होणे म्हणजे काय ते जाणतो. ज्या चित्रपटापासून आम्ही आमच्या सिनेमाचा इतिहास मोजतो, त्या फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'ची पूर्ण प्रत आज जगात कुठेच नाही. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयासाठी पी. के. नायर यांनी तुकडे वेचण्यात आयुष्य घातले. एखादी कृती टिकते ती पुष्कळ प्रती पुष्कळ हातांत असल्या तर. तबकडी ही पुष्कळ हातांत प्रत देण्याची आजवरची सर्वांत चांगली सोय होती : स्वस्त, टिकाऊ, कुणाच्या परवानगीशिवाय चालणारी. तिच्यावरचा लोकांचा विश्वास आपण दोघांनी मिळून खर्च केलात. तो आपला नव्हता. तो डीव्हीडीने कमावला होता, म्हणजे आपणच, १९९५ मध्ये, एकमेकांना मान देऊन कमावला होता.

म्हणून आता आर्जव. आपल्या चरणी माझ्या मागण्या मोठ्या नाहीत.

एचडी डीव्हीडीची तांत्रिक कागदपत्रे आता कुणाच्या कमाईची नाहीत. ती उघडी करा. चार तरुण पोरे एखाद्या गॅरेजमध्ये बसून लाल तबकडी वाचणारे यंत्र जोडू शकतील, आणि ती नक्की जोडतील. २००७ साली दोन्ही तबकड्या वाचणारे प्लेअर एलजी आणि सॅमसंगने बनवले होतेच, महाग होते पण होते. संग्रहालयांना आणि ग्रंथालयांना तरी त्यांच्याकडच्या डिस्क दुसऱ्या माध्यमावर उतरवून घेण्याची लेखी मुभा द्या. जुन्या ब्लू-रे प्लेअरवरचे प्रदेशाचे कुलूप एका सॉफ्टवेअरने काढता येईल तिथे काढा. नव्या अल्ट्रा एचडीत आपण ते ठेवले नाही. मग जुन्यांवर राग कशाला?

आणि पुढे कधी नवी तबकडी, नवी पेटी, नवे काही काढण्याचे मनात आले, तर दुकानात येण्याआधी एका खोलीत बसा. आमच्यासारख्या एखाद्या गिऱ्हाइकालाही खुर्ची द्या, कोपऱ्यातली चालेल. आम्ही पेटंट मागणार नाही.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला आणि सांगलीत पाणी घुसले. काकांच्या घरात ते कमरेएवढे होते. प्लेअर आणि ट्रान्सफॉर्मर दोन्ही गेले. पाणी ओसरल्यावर काकांनी गाळातून लाल डब्या काढल्या. डिस्क एकेक करून नळाच्या पाण्याखाली धुतल्या आणि मऊ धोतराने पुसल्या, मी सांगितल्याप्रमाणे, मधून कडेकडे, गोल नाही. बाराच्या बारा वाचल्या. थरापर्यंत पोचलेला एकही ओरखडा नाही. थर ०.६ मिलिमीटर खोल असल्याचा एवढा फायदा झाला, हे मी लाल पक्षाच्या अभियंत्यांना आवर्जून कळवतो. त्यांना बरे वाटेल.

आता त्या डिस्क एका नव्या कापडी पिशवीत, माळ्यावर आहेत. दर दिवाळीला फोन केला की काका इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर विचारतात, "मिळाला का रे कुठे प्लेअर?" मी जुन्या बाजारात बघतो. एक मिळाला होता, त्याचे भिंग गेलेले होते. दुसऱ्याचे तोंड उघडत नव्हते. मी अजून बघतो आहे. आपल्या कुणाच्या गोदामात, मागच्या एखाद्या फळीवर, चालू स्थितीतला एक उरला असेल तर कृपा करून कळवावे. योग्य ते पैसे पाठवीन. वाहतूक मी बघेन. २२० व्होल्टचा नसला तरी चालेल, ट्रान्सफॉर्मर नवा घेऊ.

बहुत काय लिहिणे. आपण सुज्ञ असा.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
एक गिऱ्हाईक